प्रकरण सहावे : होतकरूंची पारख

अमेरिकेतील बेसबॉलचा जो खेळ जगाच्या दृष्टीस पडतो तो अवघ्या तीस संघांचा होय. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो, सेंट लुईस, लॉस एंजेलिस अशा महानगरांतून वसंताच्या आरंभापासून शरदापर्यंत तो बहुधा दररोज चालतो, वृत्तपत्रांचे रकाने व्यापतो आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सीरीजच्या सामन्यांनी समाप्त होतो. परंतु या तीस संघांपैकी प्रत्येकाच्या पाठीशी आणखी चार संघ उभे असतात, ते लहान लहान शहरांतून खेळतात, त्यांतील खेळाडूंची नावे त्या त्या गावाबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असतात. आणि तरीही महानगरातील संघ पाच-सात वर्षांनी जिंकणार की हरणार याचा निर्णय पुष्कळ अंशी त्या लहान मैदानांवरच होऊन गेलेला असतो. या खालच्या संघांच्या रचनेस अमेरिकेत फार्म सिस्टिम म्हणतात, आणि त्यांत खेळणाऱ्या होतकरू तरुणांपैकी कोणावर नजर ठेवावी, हा तेथील जाणत्या क्रीडारसिकांच्या अखंड चर्चेचा विषय असतो.

आपल्याकडील क्रिकेटच्या वाचकाला ही रचना प्रथम चमत्कारिक वाटेल. रणजी सामन्यांत खेळणारा खेळाडू मुंबईचा, महाराष्ट्राचा वा विदर्भाचा असतो आणि त्या संघाला स्वतःची प्रतिष्ठा व परंपरा असते. अमेरिकेतील मायनर लीगच्या, म्हणजे या खालच्या श्रेणीच्या, संघालाही स्थानिक नाव व स्थानिक अभिमान असतो. पण त्यातील खेळाडूंचे करारनामे वरच्या संघाच्या दप्तरी असतात, त्यांचा पगार वरून येतो, आणि कोणास बढती द्यावयाची, कोणास खाली धाडावयाचे, कोणास रजा द्यावयाची याचा हुकूमही वरूनच सुटतो. सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचे उदाहरण घ्या. त्याची शिडी फ्लोरिडातील पाम बीचपासून सुरू होते. तेथे सिंगल-ए श्रेणीचा संघ आहे. तेथून इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे हाय-ए, मिसुरीतील स्प्रिंगफील्ड येथे डबल-ए आणि टेनेसीतील मेम्फिस येथे ट्रिपल-ए, अशा पायऱ्या चढत गेल्यावर सेंट लुईसचे दार दिसते. तीस संघांचे मिळून असे १२० संघ आहेत. त्यांच्याही खाली अगदी नवख्यांसाठी ॲरिझोना, फ्लोरिडा आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक येथे शिकाऊ सामने चालतात.

सेंट लुईसचे उदाहरण सोयीसाठी घेतलेले नाही. ही सारी पद्धती ज्या गृहस्थाने उभी केली त्या ब्रँच रिकी याने ती याच संघासाठी उभी केली. १८८१ मध्ये ओहायो राज्यात एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य स्वतः खेळाडू म्हणून सामान्य होता. त्याने मिशिगन विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कार्डिनल्सची धुरा त्याच्याकडे आली, तेव्हा संघाची तिजोरी जवळजवळ रिकामी होती. त्या काळी लहान गावांचे संघ स्वतंत्र होते. त्यांनी खेळाडू घडवावा आणि जो अधिक किंमत देईल त्यास तो विकावा, असा रिवाज होता. रिकीची नजर तीक्ष्ण, पण खिसा हलका. तो एखाद्या तरुणाची चौकशी करतो आहे असे कळताच त्या तरुणाचा मालक श्रीमंत संघांकडे वर्दी देई आणि खेळाडू हातचा जाई. तेव्हा खेळाडू विकत घेण्याऐवजी तो जेथे घडतो ते ठिकाणच ताब्यात घ्यावे, असा विचार रिकीने केला. १९२० च्या सुमारास ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ आणि सिरॅक्यूझ येथील संघांत कार्डिनल्सने हिस्सा घेतला, आणि पुढील दोन दशकांत हा विस्तार इतका झाला की तिसांहून अधिक संघ आणि शेकडो खेळाडू सेंट लुईसच्या मुखत्यारीखाली आले.

त्याचे फळ लौकरच दिसले. १९२६ ते १९४६ या काळात कार्डिनल्सने आपल्या लीगचे विजेतेपद नऊ वेळा व वर्ल्ड सीरीज सहा वेळा जिंकली. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या बलाढ्य यांकीजना नमविणारा त्यांचा संघ तर जवळजवळ सर्वस्वी घरच्याच पायऱ्या चढून आलेला होता. परंतु या संपत्तीला एक काळी बाजू होती. ज्याच्याकडे एका जागेसाठी दहा उमेदवार आहेत तो संघ नवव्या-दहाव्याला वाढू देत नाही आणि सोडूनही देत नाही. त्या काळच्या करारातील कलमामुळे खेळाडू ज्या संघाचा झाला त्या संघाचाच, संघाची इच्छा असेतोवर, राहत असे. बेसबॉलचे तत्कालीन कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस हे पूर्वाश्रमीचे न्यायाधीश. त्यांना ही पद्धत मुळातच अमान्य होती. खालच्या एकाच लीगमधील अनेक संघांवर कार्डिनल्सने छुपा ताबा ठेवल्याचे उघडकीस येताच त्यांनी १९३८ मध्ये सत्तरांहून अधिक खेळाडूंना फर्मान काढून मुक्त केले. त्या मुक्त झालेल्यांपैकी पीट रायझर नावाचा एक तरुण ब्रुकलिनच्या संघात गेला आणि तीनच वर्षांनी नॅशनल लीगमध्ये फलंदाजीत सर्वप्रथम आला. बंद दाराआड किती गुण अडकून पडलेले असू शकतात, याचा इतका बोलका दाखला दुसरा सापडणे कठीण.

आता पारखीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. होतकरू खेळाडूकडे पाहताना काय पाहावयाचे, हे समजण्यासाठी स्टॅन म्यूझियल याची उमेदवारी थोडी निकटून पाहण्याजोगी आहे. पेन्सिल्व्हेनियातील डोनोरा या कारखान्यांच्या गावी, पोलंडहून आलेल्या एका कामगाराच्या घरी १९२० मध्ये त्याचा जन्म झाला. कार्डिनल्सने त्यास करारबद्ध केले ते पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकणारा म्हणून. आणि त्या काळच्या सर्वांत खालच्या, डी श्रेणीच्या संघात त्याची नेमणूक झाली. १९४० साली तो फ्लोरिडात डेटोना बीच येथे होता. त्या हंगामात त्याने अठरा सामने जिंकून दिले, आणि ज्या दिवशी चेंडू टाकावयाचा नसे त्या दिवशी, खालच्या संघांत माणसे मोजकीच असल्यामुळे, तो बाहेरच्या क्षेत्रात उभा राही व फलंदाजीही करी. ऑगस्टमध्ये एक चेंडू झेलण्यासाठी त्याने झेप घेतली, तो डाव्या खांद्यावर आपटला, आणि ज्या हाताने तो चेंडू टाकीत असे तो हातच निकामी झाला. वय एकोणीस, पदरी पत्नी, आणि ज्या कौशल्यासाठी करारनामा मिळाला होता ते संपलेले.

या प्रसंगी त्याच्या संघाचा व्यवस्थापक डिकी कर याने त्यास आधार दिला. कर हा स्वतः एके काळी मोठ्या लीगमधला पिचर. १९१९ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये शिकागोच्या काही खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरण्याचा कट केला असता त्याच संघात राहून ज्याने सचोटीने दोन सामने जिंकले तो हा मनुष्य. त्याने व त्याच्या पत्नीने म्यूझियल दांपत्यास आपल्या घरी ठेवून घेतले आणि या मुलाचे भवितव्य बॅटमध्ये आहे असा विश्वास बाळगला. पुढील वर्षी स्प्रिंगफील्ड येथे, सी श्रेणीच्या संघात, म्यूझियल निव्वळ फलंदाज म्हणून उभा राहिला. बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी हजाराच्या प्रमाणात मांडतात आणि तीनशेच्या वर जाणारा उत्तम समजला जातो. म्यूझियलची सरासरी तेथे ३७९ झाली. तेथून वरच्या श्रेणीतील रॉचेस्टर, आणि १७ सप्टेंबर १९४१ रोजी सेंट लुईस. अवघ्या तेरा महिन्यांपूर्वी निरुपयोगी ठरू पाहणारा हा मुलगा पुढे सात वेळा लीगचा अग्रगण्य फलंदाज झाला आणि त्याने ३,६३० हिट (यशस्वी फटके) केल्या, त्यांपैकी १,८१५ घरच्या मैदानावर व तेवढ्याच परक्या मैदानांवर. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या व्यवस्थापकासाठी त्याने पुढे ह्यूस्टनमध्ये घर घेऊन दिले.

या कथेत पारखीचे पहिले तत्त्व आहे. खेळाडू आज काय करतो हे मोजणे सोपे. त्याच्यात काय वाढते आहे हे ओळखणे कठीण, आणि पारख म्हणावयाची ती त्यालाच. ही कठीण गोष्ट शक्य तितकी शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून तेथील निरीक्षकांनी, ज्यांना स्काउट म्हणतात, एक परिपाठ घालून घेतला आहे. स्काउट होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागे, जाळीच्या आड बसतो. त्याच्या हातात स्टॉपवॉच असते, मांडीवर वही असते आणि शेजारी चेंडूचा वेग मोजणारी रडार गन असते. फलंदाजाने चेंडू मारताच तो घड्याळाची कळ दाबतो आणि पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पाय पडताच पुन्हा दाबतो. नव्वद फुटांचे हे अंतर उजव्या हाताच्या फलंदाजाने साधारण ४.३ सेकंदांत काटले तर त्याची धाव मध्यम प्रतीची. चार सेकंदांच्या जवळ आला तर ती विलक्षण. फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरने चेंडू पकडल्यापासून दुसऱ्या बेसवरील सहकाऱ्याच्या हातात पोहोचेपर्यंत दोन सेकंद लागले तर त्याचा हात मोठ्या लीगच्या सरासरीचा समजावा.

अशा निरीक्षणांवरून पाच गुणांची प्रतवारी होते: सातत्याने चेंडू मारता येणे, जोराने मारता येणे, धावणे, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येक गुणास वीसपासून ऐंशीपर्यंत अंक देतात. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधील मध्यम खेळाडू, साठ म्हणजे त्याहून स्पष्टपणे सरस, आणि ऐंशी हा अंक फार थोड्यांच्या वाट्याला येतो. या पद्धतीचे मर्म असे की प्रत्येक गुणासाठी दोन अंक लिहावयाचे असतात, एक आजचा आणि एक पुढे होऊ शकणारा. अठरा वर्षांच्या मुलाच्या ताकदीपुढे आज तीस आणि पुढे साठ असे अंक पडतात, तेव्हा स्काउट त्या मुलाची रुंद हाडे, अजून न भरलेली छाती, बॅट फिरविताना कंबरेतून येणारा वेग, या सर्वांवर आपल्या अनुभवाची मोहोर उठवीत असतो. पाचांपैकी पहिला गुण सर्वांत मोलाचा, आणि त्याचेच भाकीत सर्वांत दुर्घट; कारण धावण्याचा वेग घड्याळ सांगते, पण ताशी ९५ मैलांनी येणारा चेंडू शेवटच्या क्षणी वळणार की सरळ राहणार हे ओळखणारी दृष्टी कोणत्याही यंत्राने आगाऊ मोजता येत नाही.

घरबसल्या आकडे वाचणाऱ्या रसिकालाही काही विवेक राखावा लागतो. पहिला वयाचा. डबल-ए श्रेणीत चोविशीच्या आसपासचे तरुण खेळत असताना एकोणीस वर्षांचा मुलगा तेथे नुसता टिकून राहिला, तरी त्याचे मध्यम आकडे सव्वीस वर्षांच्या खेळाडूच्या झळाळत्या आकड्यांहून अधिक बोलतात. दुसरा स्थळाचा. न्यू मेक्सिकोतील ॲल्बकर्की पाच हजार फुटांहून उंचावर वसले आहे. तेथील विरळ हवेत चेंडू दूरवर जातो, आणि म्हणून तेथे मारलेल्या होम रनचे, म्हणजे चारही बेस पार करून देणाऱ्या फटक्यांचे, मोल थोडे कमी करूनच धरावे. तिसरा संयमाचा. जो तरुण वाईट चेंडूस हात घालीत नाही, वॉक (वाईट चेंडू सोडून मिळणारा फुकटचा बेस) पुष्कळ मिळवितो आणि क्वचितच स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनी बाद) होतो, त्याचे यश वरच्या पायरीवर बहुधा टिकते. आणि पिचरविषयी निर्णय करताना विशेष धीर धरावा. कारण त्याचे सारे भांडवल खांदा व कोपर या दोन सांध्यांत असते, आणि ते एका चेंडूसरशी बुडू शकते.

एवढी साधने असूनही भाकिते चुकतात, आणि ती कशी चुकतात हे पाहणे फार उद्बोधक आहे. १९६५ पासून नवे खेळाडू सर्व संघांनी क्रमाने निवडावेत असा ड्राफ्टचा नियम झाला. दुसऱ्याच वर्षी पहिली निवड न्यूयॉर्क मेट्सकडे होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा कॅचर घेतला. खांद्याच्या दुखापतीने तो मोठ्या लीगमध्ये कधीच पोहोचला नाही. लगेच पुढच्या क्रमांकावर निवडला गेलेला रेजी जॅक्सन मात्र ५६३ होम रन करून गेला. उलटपक्षी १९८८ मध्ये माइक पियाझा ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि आज त्याचे नाव खेळाच्या कीर्तिमंदिरात आहे. खुद्द कार्डिनल्सनी १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर, सांतो डोमिंगोत जन्मलेला आल्बर्ट पुहोल्स हा तरुण उचलला. म्हणजे त्यांच्यासह सर्वच संघांनी तोवर बारा वेळा त्यास वगळले होते. पुढच्याच वर्षी त्याने पिओरियात ३२४ ची सरासरी राखली, हंगाम संपता संपता मेम्फिस गाठले, आणि २००१ मध्ये सेंट लुईसमध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. त्याची कारकीर्द ७०३ होम रनवर थांबली.

परंतु या चुकांहून कितीतरी मोठी चूक एक होती, ती म्हणजे पाहण्यासच नकार देण्याची. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीय खेळाडूंना या संपूर्ण शिडीवर मज्जाव होता. त्यांच्या गुणांची नोंद कोणत्याही संघाच्या दप्तरात होत नव्हती. रिकी ब्रुकलिन डॉजर्सकडे गेल्यावर त्याने १९४५ मध्ये क्लाइड सुकफोर्थ या आपल्या विश्वासू स्काउटमार्फत जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला बोलावून घेतले आणि ब्रुकलिनच्या फार्ममधील माँट्रियल संघात त्याची नेमणूक केली. १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीच्या मैदानावर रॉबिन्सनने आपल्या पहिल्याच सामन्यात एका होम रनसह चार हिट केल्या व दोन बेस चोरले, आणि हंगामाअखेर ३४९ च्या सरासरीने तो लीगमध्ये पहिला आला. पुढच्या वर्षी ब्रुकलिनमध्ये मोठ्या लीगमधील हा मज्जाव मोडून त्याने जो इतिहास घडविला त्याची सिद्धता माँट्रियलच्या त्या वर्षात झालेली होती.

त्याच माँट्रियल संघात १९५४ मध्ये पोर्तो रिकोचा एक वीस वर्षांचा युवक बसविलेला होता. ब्रुकलिनने त्यास दहा हजार डॉलर दिले होते, आणि इतकी रक्कम घेणारा खेळाडू खालच्या संघात ठेवला तर इतर संघांना तो ठराविक किमतीस मागून घेण्याचा हक्क त्या काळी होता. सुकफोर्थ तेव्हा रिकीबरोबर पिट्सबर्गच्या नोकरीत होता. तो दुसऱ्याच एका पिचरला पाहावयास माँट्रियलला गेला असता सरावात या मुलाची फेक त्याच्या नजरेस पडली. पिट्सबर्गने चार हजार डॉलर भरून त्यास घेतले. तो रोबेर्तो क्लेमेंटे. नेमक्या तीन हजार हिट त्याच्या नावावर आहेत, आणि १९७२ च्या अखेरच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत नेताना विमान अपघातात त्याचा अंत झाला. अडवून ठेवलेल्या गुणी खेळाडूंना बाहेरची वाट मिळावी यासाठी रूल फाइव्ह ड्राफ्ट या नावाची तरतूद आजही अमलात आहे.

पिट्सबर्गच्याच शिडीवर आपल्या देशाच्या दोन तरुणांनीही पाऊल ठेवले. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकीचा सराव असलेले. २००८ मध्ये वेगवान चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून त्यांची निवड झाली, आणि ज्या खेळाचा त्यांना आधी गंधही नव्हता त्यात व्यावसायिक करारनामा मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. दिनेशला दोन हंगामांनी परतावे लागले. डावखुरा रिंकू २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील सिंगल-ए संघापर्यंत चढला व पुढे दुखापतींनी थांबला. बलिष्ठ हात असून भागत नाही, दहाव्या वर्षापासून अंगवळणी पडलेला खेळ त्यामागे लागतो, हे त्यांच्या प्रवासावरून कळते. आणि तो अभाव असतानाही रिंकूने गाठलेली पायरी किती उंच होती हेही कळते.

आंब्याला मोहोर उदंड येतो आणि फळे थोडीच टिकतात, तसे या शिडीचे आहे. तिच्यावर पाय ठेवणारे बहुसंख्य तरुण वरचे दार कधीच पाहत नाहीत. मात्र मोहोराला पोट नसते, माणसाला असते, आणि या जाणिवेचा विसर त्या खेळाच्या चालकांना फार काळ पडला होता. २०१८ मध्ये तर मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळणारे कलम अमेरिकेच्या संसदेने संमत केले. २०२१ मध्ये संघांची संख्या १६० वरून १२० वर आली आणि कित्येक गावांचा उन्हाळ्यातील एकमेव सार्वजनिक आनंद नाहीसा झाला. अखेर २०२२ मध्ये हे खेळाडू मोठ्या लीगच्या कामगार संघटनेत सामील झाले आणि २०२३ च्या पहिल्या सामुदायिक करारान्वये सिंगल-एचा किमान वार्षिक पगार ११,००० डॉलरवरून २६,२०० वर, तर ट्रिपल-एचा १७,५०० वरून ३५,८०० वर गेला. त्याच वर्षी मोठ्या लीगमधील किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. ट्रिपल-एच्या आणि मोठ्या लीगच्या या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच मेम्फिस आणि सेंट लुईस यांमधील अंतर होय.

म्हणून फार्ममधील होतकरूंवर नजर ठेवू इच्छिणाऱ्या वाचकाने आकड्यांच्या यादीतील पहिल्या पाच-दहा नावांवर संतुष्ट राहू नये. ज्याचे वय सवंगड्यांहून कमी आहे, ज्याच्या संयमात दर महिन्याला भर पडते आहे, ज्याला वरच्या पायरीवर पहिल्या हंगामात अपयश आले आणि दुसऱ्यात त्याने त्याचे परिमार्जन केले, ज्याचे एक कौशल्य हरवले असता दुसरे वाढीस लागले, अशांची नावे त्याने आपल्या वहीत टिपावीत. आणि संघाची पारख करताना त्या संघाने किती तारे निर्माण केले एवढेच पाहू नये. कोणाचे भवितव्य कशात आहे हे सर्वज्ञालाही आधी सांगता येत नाही, तेव्हा जो संघ चारशेदुसऱ्या क्रमांकाच्या मुलालाही पोटभर अन्न, नीट निवारा, योग्य शिक्षक आणि पुरेशी मुदत देतो, त्याच्याच वाट्याला पुहोल्स येण्याचा संभव अधिक. डेटोना बीचच्या त्या व्यवस्थापकाने एका जायबंदी मुलाला घरी ठेवून घेतले नसते, तर सेंट लुईसला आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू बहुधा लाभला नसता. या व्यवसायात माणुसकी आणि दूरदृष्टी यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो, हे ज्या संघांना समजले त्यांचेच फार्म पिढ्यान्‌पिढ्या समृद्ध राहतील.